रविवारचा चौकोन

रविवारी अकराच्या सुमारास फोन आला तेव्हा पंप चालू होता. पंपाच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून श्रीमंत सूर्यतळे फोन कानाला लावून बाहेर चिंचेखाली आला. पलीकडं पोलीस होता.

"पंचफुला सूर्यतळे तुमच्या कोण?"

"मंडळी हाय माझी."

"गव्हाळी फाट्याच्या वळणावर या. लवकर या."

लवकर कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. श्रीमंतनं मोटारसायकलला किक मारली. पंप बंद करायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

फाटा तीन किलोमीटरवर. वळणावर एक पाण्याचा टँकर रस्ता सोडून तिरपा उभा होता आणि त्याच्या मागच्या नळातून पाणी गळत होतं. वस्तीवरच्या दोन बायांनी नळाखाली घागर लावली होती. त्या श्रीमंतकडं बघेनात, घागरीकडंच बघत राहिल्या. स्कूटी नालीत पडली होती. पंचफुलाला जीपमध्ये ठेवलं होतं आणि वरून चादर घातली होती.

"जागेवरच," हवालदार म्हणाला. "हायवेला नव्या जिल्ह्यासाठी रास्ता रोको चालू हाय. मनून टँकर सगळे ह्या रस्त्यानं सोडले. वळण अरुंद. ड्रायव्हर पळून गेला."

श्रीमंतनं चादर बाजूला केली, बघितलं, पुन्हा नीट घातली.

हवालदारानं तिची पिशवी त्याच्या हातात दिली. पिशवीत तीस मीटरचा गुंडाळलेला टेप, एक शंभर पानी वही आणि पाण्याची बाटली होती. "मॅडम इकडं कशाला आल्त्या?" हवालदारानं लिहिता लिहिता विचारलं.

त्या क्षणी श्रीमंतला कळलं की ती कशाला आली होती. पंचफुला गेली हे त्याला पुरतं उमगायच्या आधी त्याला हे कळलं.

"डबा घेऊन येत असंल," तो म्हणाला.

हवालदारानं तसंच लिहून घेतलं. डबा कुठं आहे, हे विचारलं नाही.

*

पंचफुला उदगीरच्या एका तंत्रनिकेतनात गणित शिकवायची. माहेर उमरीचं, नांदेड जिल्ह्यातलं. बाप रेल्वेत गँगमन होता, तो लवकर वारला. आई धुरपताबाईनं मजुरी करून एकुलत्या एक पोरीला शिकवलं. श्रीमंत आयटीआय झालेला, गव्हाळी तलावावरच्या बारा गावांच्या नळयोजनेत पंप ऑपरेटर. बायको नवऱ्यापेक्षा जास्त शिकलेली, यावरून भावकीत आधी चेष्टा व्हायची. पुढं लोक थकले. मूलबाळ झालं नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी पंचफुलानं पीएच.डी.ला नाव घातलं. नांदेडचे विरूपाक्ष बिरादार सर तिचे मार्गदर्शक होते.

विषय होता गव्हाळी तलाव. पाऊस संपल्यापासून तळं कसकसं उतरत जातं आणि कोणत्या तारखेला जॅकवेलचं, म्हणजे तळ्यातल्या पंपाच्या विहिरीचं, सगळ्यात खालचं तोंड उघडं पडतं, म्हणजे पंपाला पाणी मिळायचं बंद होतं, हे गणितानं आधीच सांगायचं.

तिनं त्याला ते संगणकावर दाखवलं होतं. फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात पडद्यावर चौकोन मांडायचे आणि बाणांनी जोडायचे. एक चौकोन पंपाचा, एक उन्हाचा, एक काठावरून पाणी उपसणाऱ्या चोरट्या मोटारींचा. तिघांचे बाण वजाच्या खुणेनं एका गोलात शिरत आणि गोलातला बाण एका पेटीत जाई. ती पेटी म्हणजे तळं. दर तासाला किती घटलं ते आत घ्यायचं, आधीच्यातून वजा करत जायचं आणि आता किती उरलं ते बाहेर सांगायचं, एवढंच त्या पेटीचं काम. पेटीतून निघालेला एक बाण पुन्हा मागं वळून उन्हाच्या चौकोनात जाई, कारण पाणी जितकं पसरलेलं तितकं ऊन जास्त पितं.

"पुस्तकात हे सगळं एका ओळीत मावतं," पंचफुला म्हणाली होती. "विकलक समीकरण म्हणतात त्याला. किती पाणी हाय ते त्यात लिहिलेलं नसतं, किती वेगानं बदलतंय तेवढंच असतं."

"मग ती एक ओळच सोडीव की. एवढे डबे कशाला जोडून राहिलीस?"

"हातानं सुटत न्हाई ती. आपलं तळं काय पिंपासारखं सरळ हाय का? खाली निमुळतं होत जातंय. हे चौकोन जोडले की कॉम्प्युटर एकेक तास पुढं सरकत सोडवतो."

"आन् कॉम्प्युटर चुकला मंजे?"

"तो न्हाई चुकत. पेटीला पहिल्या दिवसाचा आकडा द्यावा लागतो. आणि पुढं रोजच्या खऱ्या पातळीशी ताडून बघावं लागतं. पातळी चुकली तर पुढचं सगळं शिस्तीत चुकत जातं. ती पातळी तुमच्याकडून येणार. माझ्या पीएच.डी.त तुमचाबी वाटा हाय म्हणा."

श्रीमंतला ते ऐकून बरं वाटलं होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि तिच्या कामात आपला काही उपयोग आहे असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. दर महिन्याला तो पातळीच्या रजिस्टरचे फोटो काढून तिला आणून देऊ लागला.

ते रजिस्टर खोटं होतं.

खोटं म्हणायचं तर त्यात कुणाचा काही फायदा नव्हता. पातळीची पट्टी जॅकवेलपासून दीड किलोमीटरवर, तळ्याच्या दुसऱ्या अंगाला होती. पूर्वी तिथं जाऊन आकडा वाचायला वेगळा माणूस असे. रविवारी त्याला सुट्टी, म्हणून रविवारच्या रकान्यात शनिवारचाच आकडा पडायचा. पुढं तो माणूस निवृत्त झाला, ती जागा भरलीच नाही, आणि रजिस्टर ऑपरेटरकडं आलं. श्रीमंतच्या आधीचा ऑपरेटर निवृत्ती गोटमुखले यानं त्याला पहिल्याच दिवशी समजावून दिलं होतं.

"पट्टीपर्यंत गाळात कुठं मरायला जातोस? ऑक्टोबरला एकदा जाऊन यायचं, आकडा आणायचा. मग रोज तीन सेंटीमीटर उतरीव. रविवारी तसंच ठिव."

"रविवारी का?"

"रविवारी आकड्यालाबी सुट्टी."

दोघं हसले होते. नऊ वर्षं श्रीमंतनं तसंच केलं. पावसाळा आला की तळं भरायचं आणि खरंखोटं सगळं पाण्याखाली जायचं. गेली दोन वर्षं पाऊस झाला नाही, तरी त्याचा हात तीन सेंटीमीटरनंच चालत राहिला.

डिसेंबरात पंचफुलानं त्याला पडद्यावरची दोन वळणं दाखवली. एक तिच्या चौकोनांतून आलेलं, दुसरं त्याच्या रजिस्टरमधलं.

"हे बघा. माझी रेघ सलग उतरतीय. तुमचे ठिपके सहा दिवस उतरतात आणि सातव्या दिवशी थांबतात. सगळे सातवे रविवार हायत. रविवारी पाणी का उतरत न्हाई?"

तेव्हा सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की पंचे, ते आकडे बसल्या जागी लिहिलेले हायत. ती चिडली असती, दोन दिवस बोलली नसती, आणि मग त्याला घेऊन पट्टीवर गेली असती. पण तिनं ज्या विश्वासानं विचारलं, त्यानं त्याची जीभ अडखळली.

"रविवारी पंप बंद असतो," तो म्हणाला.

"पण तुम्ही तर जाता ना ड्युटीला?"

"तेलपाणी, झाडलोट. दुरुस्तीचा दिवस मनून."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिनं पंपाच्या बाणावर आणखी एक चौकोन बसवला. तो सहा दिवस पंप चालू ठेवायचा आणि सातव्या दिवशी बंद. चौकोनाखाली तिनं नाव लिहिलं, 'रविवार'. तरीही तिची रेघ त्याच्या ठिपक्यांच्या खालीच राहिली. मग ती जुळावी म्हणून तिला चोरट्या मोटारींचा आकडा कमी कमी करत शून्यावर आणावा लागला.

"माझ्या गणितात चोर उरलाच न्हाई," ती एकदा जेवताना म्हणाली. "आणि काठावर तर मोटारी हायत. हायत ना?"

"असतील. मोजल्या न्हाईत म्या."

अपघाताच्या आठ दिवस आधी तिनं शेवटचं विचारलं. "आवो, रविवारी पंप खरंच बंद असतो का?"

"हाव मनलं ना. रजिस्टर हाय. सही हाय माझी."

"बरं," ती म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली.

*

पुढच्या रविवारी जलदान विधी झाला. गल्लीत मांडव घातला. नळाला पंधरा दिवसांनी पाणी येत होतं, तरी शेजारच्या लक्ष्मीबाईनं झाकून ठेवलेली एक घागर आणून दिली. भन्तेजींनी गाथा म्हटल्या. श्रीमंत आणि धुरपताबाई दोघांनी मिळून तांब्या धरला आणि वाटीत धार सोडली. वाटी भरून पाणी ताटात उतरेपर्यंत धार थांबवायची नसते.

मांडवाच्या कडेला माणसं हळू बोलत बसली होती.

"जिल्हा व्हणार मनून राहिलेत पुन्हा."

"झाला तर पाणी येतंय का?"

"पाणी न्हाई, कलेक्टर येतोय."

"त्यालाबी प्यायला लागंल की बाबा."

"त्याच्यापुरतं आणतील."

बायांमध्ये धुरपताबाई सांगत होती, "नवऱ्याला ताजी भाकरी मिळावी मनून उन्हाचं निघाली माझी लेक. रविवारबी घरी बसली न्हाई." बाया डोळे पुसत होत्या. डब्याची गोष्ट हवालदाराच्या कागदावरून उमरीपर्यंत गेली होती आणि तिथून मोठी होऊन परत आली होती.

मग आदरांजलीची भाषणं झाली. बिरादार सर नांदेडहून आले होते. उंच, वाकलेला माणूस, हळू बोलणारा. ते म्हणाले, "सूर्यतळे मॅडमचं काम नव्वद टक्के झालेलं आहे. ते मी वाया जाऊ देणार नाही. त्यांच्या मॉडेलप्रमाणं गव्हाळी तलावाचं पाणी अकरा जूनपर्यंत पुरतं. चौदा तारखेला लातूरला टंचाईची बैठक आहे. मला बोलावलंय. तिथं मी हा आलेख त्यांच्या नावानं ठेवणार आहे."

लोकांनी माना हलवल्या. गव्हाळीचे सरपंच शेषेराव हुडे मागं उभे होते. गळ्यातला गमछा सारखा करून ते पुढं आले.

"अकरा जून मंजे मिरग लागला. आमचं भागतंय मग. बाईनं एवढं करून ठेवलं. सर, आमच्या बारा गावांचं नाव टँकरच्या यादीतून काढा मना. ज्याला न्हाई त्याला जाऊ द्या पाणी."

हे ऐकून एकदोघांनी डोळ्याला रुमाल लावला. शेषेराव खरंच मनापासून बोलले होते. श्रीमंतला लोकांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला. सगळा मांडव त्याच्याकडं बघत होता. धुरपताबाई बघत होती.

"आलात सगळे," तो म्हणाला, "बरं वाटलं." आणि खाली बसला.

*

मंगळवारी तो पट्टीवर गेला. बरोबर तिच्या पिशवीतला टेप आणि वही घेतली.

तळ्याचा काठ आता काठ राहिला नव्हता. भेगाळलेल्या जमिनीवरून अर्धा किलोमीटर चाललं की ओला गाळ लागे, आणि पाणी त्याच्याही पुढं. जॅकवेलच्या बाजूनं रोज दिसणारं पाणी भरपूर वाटायचं, कारण तिकडं तळं खोल होतं. इकडून बघितल्यावर ते किती राहिलंय हे लहान पोरालाही कळलं असतं. पट्टीचे तीन खांब होते. पहिले दोन कोरडे. तिसऱ्यापर्यंत तो मांडीएवढ्या गाळातून गेला. खांबाचा खालचा पत्रा गंजून पडला होता, म्हणून त्यानं दिसणाऱ्या शेवटच्या आकड्यापासून पाण्यापर्यंत टेप धरला. पुन्हा धरला. तीन वेळा धरला.

दोन मीटर पंच्याऐंशी. रजिस्टरमध्ये त्या दिवशी सकाळी त्यानं चार मीटर चार सेंटीमीटर लिहिलं होतं.

परत येताना त्यानं पाण्यात सोडलेले पाइप मोजले. एकोणीस मोटारी होत्या.

आकडा टिपायला त्यानं वही उघडली. नऊ दिवस त्यानं ती उघडली नव्हती. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तिच्या सरळ अक्षरात होतं: 'रविवार. पंप आणि पट्टी स्वतः बघणे. ह्यांना आधी सांगू नये, वाईट वाटेल.'

तो गाळात उभा राहूनच ते वाचत होता. तिला संशय आला होता, हे आता पक्कं झालं. त्याला पकडायला ती आली नव्हती. त्याला न दुखवता आपलं गणित दुरुस्त करून ती गुपचूप परत गेली असती. कदाचित पुढंही कधी बोलली नसती.

त्या ओळीखाली त्यानं लिहिलं, 'आठ मार्च. दोन पंच्याऐंशी. मोटारी एकोणीस.' त्याचे हात गाळानं भरले होते, पान खराब झालं.

चौदा तारखेला सहा दिवस होते. तिच्या नावानं खोटी तारीख लातूरच्या बैठकीत जाणार होती. त्या तारखेवर विसंबून बारा गावं टँकर नाकारणार होती. आणि एप्रिलात कधीतरी नळ कोरडे पडले की लोक म्हणणार होते, त्या सूर्यतळे बाईनं अकरा जून सांगितलं होतं. हे त्याला सगळ्यात जास्त टोचलं. पाण्यापेक्षा जास्त टोचलं, हे त्यानं पुढं स्वतःशी कबूल केलं.

*

गुरुवारी सकाळच्या एसटीनं तो नांदेडला गेला. पंचफुलाच्या लॅपटॉपची बॅग मांडीवर धरून बसला होता. शेजारचा माणूस सांगत होता की लातूरला आता रेल्वेनं पाणी आणायचं घाटतंय.

बिरादार सरांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. श्रीमंतनं चहा येऊ दिला नाही.

"सर, रजिस्टर खोटं हाय."

"कुठलं रजिस्टर?"

"पातळीचं. म्या दिलेलं. नऊ वर्षांपासून बसल्या जागी लिहितो. रविवारी पंप बंद नसतो. कधीच नसतो. खरी पातळी ही." त्यानं वही पुढं केली. बोटानं वरची ओळ झाकली आणि खालची दाखवली.

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी लॅपटॉप उघडला. पंचफुलाच्या फायली ओळीनं होत्या, तळे-एक पासून तळे-चौदा पर्यंत. सरांनी चौदावी उघडली. 'रविवार' लिहिलेला चौकोन पंपाच्या बाणावर बसलेला होता. श्रीमंतला तो लगेच ओळखू आला.

"मॅडम मला म्हणाल्या होत्या, हा चौकोन मला पटत नाही," सर म्हणाले. "मीच म्हणालो, कागदपत्रात आहे ना, मग ठेवा. मी कधी तळं बघायला आलो नाही. माझीही चूक आहे."

त्यांनी ती फाइल बंद करून पहिली उघडली. ऑक्टोबरातली. तिच्यात रविवार नव्हता. चोरट्या मोटारींच्या चौकोनात तिनं अठरा लिहिलं होतं. उदगीर न सोडता, लोकांना विचारून काढलेला अंदाज. सरांनी काही बदललं नाही, फक्त आठ मार्चपर्यंत चालवायला सांगितलं. पडद्यावर रेघ डावीकडून उजवीकडं उतरत गेली. शेवटी सरांनी तिच्या टोकावर बाण नेला. आकडा आला, दोन मीटर एक्याण्णव.

"सहा सेंटीमीटरचा फरक," सर म्हणाले. "एवढा चालतो." थोड्या वेळानं म्हणाले, "त्यांचं पहिल्याच दिवशी बरोबर आलं होतं."

श्रीमंत पडद्याकडं बघत राहिला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पाच महिने, ती रोज कॉलेजहून येऊन बरोबर आलेलं गणित खोट्या आकड्यांना जुळवायला मोडत बसली होती. चौदा वेळा. आणि तो शेजारी बसून टीव्ही बघत होता.

सरांनी पेटीत दोन पंच्याऐंशी घातलं आणि पुढं चालवलं. रेघ सुरुवातीला सावकाश उतरली. पुढं तळं निमुळतं होत गेलं तशी वेगानं कोसळली. जॅकवेलचं खालचं तोंड एक मीटर वीसवर होतं. रेघ तिथं पोचली ती तारीख निघाली सतरा एप्रिल.

"बैठकीत हे मांडायचं तर तोंडी चालणार नाही," सर म्हणाले. "रजिस्टर सरकारी आहे. ते खोटं आहे असं तुम्हाला सहीनिशी लिहून द्यावं लागेल. नोकरीवर येईल."

"द्या कागद."

त्यानं लिहिलं. किती वर्षं, कशा पद्धतीनं, रोज किती सेंटीमीटर, रविवारी किती. गोटमुखल्यांचं नाव घातलं नाही. त्यांनी शिकवलं होतं, लिहिलं त्यानं होतं. सव्वा पान झालं. त्या कागदात पंचफुलाचा उल्लेख कुठं आला नाही, कारण पाण्याच्या हिशेबाला त्याची गरज नव्हती.

सरांनी कागद घडी करून फाइलीत ठेवला. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "त्या रविवारी मॅडम तलावाकडं..."

"हाव," श्रीमंत म्हणाला. "तेच बघायला."

"घरी कुणाला माहीत आहे?"

"न्हाई."

एसटी स्टँडपर्यंत सर चालत सोडायला आले.

*

चौदाला लातूरला बैठक झाली. सोळाला श्रीमंत निलंबित झाला. साहेबांनी बोलावून शिव्या दिल्या. "बाकीच्या सगळ्या तलावांची रजिस्टरं आता उघडायला लागतील, कळतंय का तुला?" त्यांना राग त्याचाच जास्त होता. बारा गावं यादीत राहिली. शेषेराव हुडे घरी आले, ओट्यावर बसले.

"सूर्यतळे, लोकं तुला लई वंगाळ बोलून राहिलेत."

"बोलू द्या."

"म्याबी बोललो." शेषेरावांनी गळ्यातला गमछा सारखा केला. "पण सांगितलंस, ते बरं झालं. लेकरंबाळं हायत गावात." पाणी न पिताच ते गेले. त्या दिवसांत कुणाच्या घरी गेलं तरी लोक पाणी मागत नसत.

जॅकवेलचं खालचं तोंड पंधरा एप्रिलला उघडं पडलं. तिच्या गणितानं सांगितलं होतं त्याच्या दोन दिवस आधी. अठराव्या तारखेपासून टँकर सुरू झाले. मधले तीन दिवस लोकांनी काढले.

मेच्या पहिल्या आठवड्यात श्रीमंत उमरीला गेला. सांगायचं ठरवूनच गेला. साऱ्या वाटेत त्यानं वाक्यं जुळवली. आई, तुमची लेक डबा घेऊन न्हाई आल्ती. माझं खोटं तपासायला आल्ती. म्या तिला तीनदा खोटं सांगितलं. एवढी तीन वाक्यं होती.

धुरपताबाई दारात सुपात ज्वारी निवडत बसली होती. शेजारची पार्वतीबाई जवळ होती. जावयाला बघून धुरपताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या. नोकरीचं ऐकलं. जाऊ द्या, नोकरी येती आन् जाती. तुम्ही खरं बोललात मनं. बिरादार मास्तर आल्ते, त्यांनी सांगितलं. माझ्या लेकीचा नवरा हाय, खरंच बोलंल मनलं म्या."

श्रीमंत उंबऱ्याशी बसला.

"आई, एक सांगायचं होतं."

"सांगा की. पण आधी मला एक सांगा. रोज मनात येतंय, इचारायला जीभ धजत न्हाई." तिनं सूप खाली ठेवलं. "त्या दिवशी डब्यात काय व्हतं वो? तिला वरीस व्हईल त्या दिवशी तेच करावं मनते. तिच्या हातचं शेवटचं."

पार्वतीबाईही त्याच्याकडं बघू लागली.

श्रीमंतनं तोंड उघडलं. तीन वाक्यं तयार होती. धुरपताबाईचे दोन्ही हात सुपावर होते आणि ती वाट बघत होती.

"भाकरी," तो म्हणाला. "आन् शेंगदाण्याची चटणी."

"चटणी," धुरपताबाई म्हणाली. "तिला येळच कुठं असायचा भाजी करायला." तिनं सूप पुन्हा उचललं. "आन् तुमचं काय सांगायचं व्हतं?"

"काही न्हाई. बरं हाय का इचारायला आल्तो."

संध्याकाळच्या गाडीनं तो परत आला.

पंचफुलाचा प्रबंध बिरादार सरांनी जूनमध्ये विद्यापीठात दिला. त्यात पहिलीच आकृती आहे, रविवार नसलेली. श्रीमंतची चौकशी चालू आहे, तिथं जे विचारतात ते तो सांगतो. धुरपताबाईला सांगायचं अजून राहिलं आहे.